बाजाररस्त्याच्या मधोमध

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. घरात, ऑफिसात, भाजीच्या गाड्यावरसुद्धा. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. भिंगरी हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने डोळे उघडे ठेवून ठेवलं. चहाचा कप हातात आला की ही बाई निघालीच. या टेबलापाशी एक घोट, त्या खिडकीशी एक घोट, जिन्यात कोणी भेटलं तर तिथे दोन शब्द, आणि कप शेवटी सापडायचा जन्ममृत्यू नोंदणीच्या कपाटावर. शिपाई रोज संध्याकाळी तो शोधून आणायचा आणि रोज कुरकुरायचा.

नोकरी मात्र अशी, की माणसाने बूड टेकून बसावं. नगरपालिकेचा नकाशा विभाग. दुसरा मजला, दोन खिडक्या, त्यातली एक उघडणारी. मधोमध काचेचं मोठं टेबल, काचेखाली दिवे. संगणक येऊन जमाना झाला, तरी ते टेबल कोणी हलवू दिलं नव्हतं, कारण गावाचा अख्खा नकाशा पसरायला दुसरी जागाच नव्हती. वर्षभर त्या टेबलावर गटारं, प्लॉट आणि रस्तारुंदी. पण शिरगणती झाली की, म्हणजे दहा-बारा वर्षांतून एकदा, तिथे एक वेगळं काम यायचं. मागच्या खेपेला भिंगरी नवखी होती, तिला नुसते रंग भरायला दिले होते. या खेपेला पेन्सिल तिच्या हातात होती.

काम प्रभाग पाडायचं. म्हणजे काय, तर गाव कापायचं. प्रत्येक तुकड्यातून एक माणूस निवडून नगरपालिकेत जाणार, म्हणून प्रत्येक तुकड्यात माणसं जवळजवळ सारखी हवीत. रेघ जायची ती कालव्यावरून, रुळांवरून, नाहीतर मोठ्या रस्त्याच्या मधून. कोणाच्या स्वयंपाकघरातून नाही. ऐकायला सोपं आहे, करायला बसा म्हणजे कळेल. इकडची गल्ली उचलली की तिकडे माणसं कमी पडतात, तिकडची इमारत ओढली की तिसरीकडे जास्त होतात, आणि तिसरीकडचं नीट करावं तर पहिल्या गल्लीचं पुन्हा बिघडतं. असं करता करता महिने जातात.

रेघ पक्की झाली की या विभागात एक पद्धत होती. कुठे लिहून ठेवलेली नव्हती, पण कोणी मोडलीही नव्हती. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने सीमेचं वर्णन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकाशावर बोट फिरवायचं. 'तिथून पूर्वेकडे दवाखान्याच्या कुंपणाने पाण्याच्या टाकीपर्यंत' म्हटलं की बोट टाकीपर्यंत गेलं पाहिजे. प्रभाग कायम उजव्या हाताला ठेवायचा. बोट अडखळलं तर रेघ चुकली समजायचं. याला ते बोटफेरी म्हणत. भिंगरीचं काही बोटफेरीने समाधान व्हायचं नाही. दुपारी डबा खाल्ला न खाल्ला की ती चपला अडकवून बाहेर पडायची आणि तीच फेरी पायांनी मारून यायची. ऊन म्हणू नका, धूळ म्हणू नका. इतकी वर्षं थांबून मिळालेलं काम होतं, आणि ते छान पारही पडलं असतं. पण नेमकं त्याच वर्षी दादाने निवडणुकीला उभं राहायचं मनावर घेतलं.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, सरकारी बसचा ड्रायव्हर. आईवडील लवकर गेले तेव्हा शाळा सोडून आधी गॅरेजात आणि मग आगारात लागला, म्हणून भिंगरी नकाशाचा कोर्स करू शकली. तो हे कधी बोलून दाखवायचा नाही, त्यामुळे तिला ते जास्तच लक्षात राहायचं. दादा, वहिनी आणि भिंगरी, तिघं बाजाररस्त्यावरच्या एका माडीवर राहत. भिंगरीने लग्न केलं नाही. वहिनी म्हणायची, नवरा मिळाला असता हो, पण त्याने हिच्यामागे धावायचं किती?

दादाच्या डोक्यात राजकारण कसं शिरलं, तर एका बसथांब्यामुळे. मोठ्या वळणाच्या अगदी तोंडावर तो थांबा होता. बस पूर्ण वळेपर्यंत ड्रायव्हरला तिथे उभी असलेली माणसं दिसायची नाहीत. एकदा एका शाळकरी मुलीचं दप्तर पत्र्यात अडकलं आणि पोरगी फरफटत गेली. जीव वाचला, पाय गेला. बस दादाची नव्हती, तरी तो आठवडाभर नीट जेवला नाही. मग त्याने अर्ज करायला सुरुवात केली. थांबा आगाराचा, आणि आगार राज्य सरकारचं. ते म्हणाले, हलवतो, पण पुढचा फुटपाथ मोकळा करून द्या. फुटपाथ नगरपालिकेचा. ते म्हणाले, देतो, पण त्यावरचा विजेचा खांब काढा. खांब वीज मंडळाचा. ते म्हणाले, काढतो की, तुमच्या नगरपालिकेचा ठराव आणा. आणि ठराव मांडायचा त्या भागातल्या सभासदाने. सभासद होता सिमेंटचा दुकानदार, गावाचा सिमेंटवाला. तो दर वेळी दादाच्या पाठीवर हात ठेवायचा आणि पुढच्या सभेत नक्की म्हणायचा.

"एका खांबाला तीन सरकारं," दादा म्हणायचा, "आणि तिघांत मिळून एक पाना नाही."

अशी वर्षं गेली. मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "मीच उभा राहतो. ठराव मांडायची खुर्ची एकदा बुडाखाली आली की बाकीच्या दोघांना मी बसमध्ये घालून आणतो." वहिनी हसली. भिंगरी हसली नाही. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

कारण प्रभागाचं काम सुरू झालं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं. साहेब म्हणजे सीमा ठरवणारा अधिकारी, बाहेरून आलेला, कमी बोलणारा आणि सरळ माणूस. ते म्हणाले होते, तुमचं कोणी नात्यातलं उभं राहणार असेल तर मला लगेच येऊन सांगा, मी तुम्हाला दुसरं काम देईन. त्यात कमीपणा नाही. आता सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण सांगितलं की पेन्सिल गेली. पुन्हा बारा वर्षं गटारं. दादाचं तरी अजून घरातल्या घरातच चाललंय, असं तिने स्वतःला समजावलं. आणि वर असंही ठरवलं, की त्याच्या भागापुरती आपण दुप्पट कडक राहू. आपल्या हातून त्याला एका घराचाही फायदा होणार नाही. हे ठरवून तिला फार बरं वाटलं. माणसाला स्वतःच्या प्रामाणिकपणाचं इतकं बरं वाटायला लागलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

आणि तो भाग टेबलावर आला. आधी जागा कशी ते बघा. मधून बाजाररस्ता जातो. रस्त्याच्या अलीकडे दादाचं घर आणि मागची वस्ती. पलीकडेही तसलीच वस्ती, ती पार कालव्यापर्यंत. दोन्हीकडची माणसं दादाला पोरवयापासून ओळखतात, त्याच्या बसने जातात, अडलं नडलं की त्याला हाक मारतात. रस्ता काय, दिवसातून पन्नासदा ओलांडायचा. कालवा मात्र रुंद, पलीकडचं जग वेगळं. नियम सांगत होता, आधी नदी-कालवा बघा, तो नसेल तर रस्ता. म्हणजे रेघ कालव्यावरून जायची. कोणीही तशीच काढली असती.

भिंगरीने पेन्सिल कालव्यावर टेकवली आणि तिथेच थांबली. उद्या दादा उभा राहिला, निवडून आला, तर लोक नकाशाकडे बोट दाखवतील. बहिणीने वस्ती अख्खीच्या अख्खी भावाच्या ओटीत घातली म्हणतील. ती उठली, खिडकीशी गेली, आली. पुन्हा गेली. आणि परत आल्यावर तिने रेघ कालव्यावरून उचलली आणि बाजाररस्त्याच्या मधून काढली. माणसांची संख्या दोन्हीकडून बसत होती. कारण काय लिहायचं? कालव्यावर पूल आहेत, लोकांची ये-जा असते, म्हणून कालवा खरी सीमा मानता येत नाही. पूल म्हणजे एक पाइप आणि दोन फळ्या होत्या. पण तिचं काम चोख असतं हे साहेबांना ठाऊक होतं, त्यांनी मान डोलावली. बोटफेरीत तिचं बोट बाजाररस्त्यावरून सरसर गेलं, कुठेही अडखळलं नाही. मग नकाशा बंद पाकिटात वर गेला. जाहीर होईपर्यंत कोणी एक शब्द बाहेर काढायचा नाही, असा दंडक.

इथपर्यंत तरी तिला वाटत होतं, झालं गेलं. फार तर दादाला अर्धी वस्ती मिळेल. पण आगाराचा एक नियम आडवा आला. नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही, आणि राजीनामा मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून दादाला तो सोमवारीच द्यायला हवा होता. नकाशा लागणार त्यानंतरच्या आठवड्यात. म्हणजे आधी उडी मारायची, विहिरीत पाणी आहे की नाही ते मागून बघायचं. अलीकडच्या वस्तीत सिमेंटवाल्याची भावकी भरलेली. दादाची खरी मतं पलीकडची, पण थांबा अलीकडचा, म्हणून उभं राहायचं तेही अलीकडूनच. अर्ध्या वस्तीवर तो पडणार, हे भिंगरीला ऑफिसातल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. निवडणूकही जाणार आणि नोकरीही.

ते चार-पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सांगावं तर शब्द मोडला, नोकरी गेली. न सांगावं तर दादाची गेली. ऑफिसात तिने चुकीच्या फायली चुकीच्या टेबलांवर नेऊन ठेवल्या. घरी एकच भांडं तीनदा घासलं. बाजारात गेली आणि रिकामी पिशवी घेऊन आली. वहिनीने कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

रविवारी दुपारी दादा स्वयंपाकघराच्या टेबलाशी राजीनामा लिहायला बसला. भिंगरी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत.

"अगं एका जागी उभी राहा, मला गरगरतंय," दादा म्हणाला. "आणि हे वाच. 'सेवेतून मुक्त करावे' बरोबर आहे ना?"

"दादा, आठवडाभर थांब ना."

"का?"

"उगाच."

"उगाच कोण थांबतं? उद्याचा दिवस गेला की संपलं सगळं."

"मग यंदा नको. पुढच्या खेपेला उभा राहा."

दादाने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. चांगलं निरखून. तिने नजर चुकवली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला. वहिनी म्हणाली, आता मधेच हिचं काय? दादा म्हणाला, "काही नाही. ऑफिसच्या कामाने डोकं फिरलंय तिचं." त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सोमवारी सकाळी आगारात जाऊन तो राजीनामा देऊन आला.

भिंगरीला त्याचा असा राग आला, की विचारू नका. इतकं तोंड वेंगाडून सांगितलं, तरी या माणसाला कळू नये? आणखी काय करायचं होतं, नकाशा आणून ताटात वाढायचा? चिडलं की आपला दोष हलका होतो, म्हणून ती तो आठवडा चिडूनच राहिली. दादाशी धड बोललीही नाही.

नकाशा लागला तो नगरपालिकेच्या व्हरांड्यात. ही गर्दी. सिमेंटवाला आधीच येऊन हसत उभा. दादा वाट काढत पुढे गेला, चष्मा लावला आणि आपलं घर शोधलं. तिथून त्याचं बोट रस्त्यापर्यंत आलं आणि थांबलं. पलीकडचा रंग वेगळा होता. मागून कोणीतरी म्हणालं, अरे, कालवा सोडून हे कुठून काढलं? दादा गर्दीतून मागे फिरला. पलीकडच्या वस्तीतल्या माणसांनी त्याला तिथेच गाठलं, हरकत घे म्हणाले, अजून मुदत आहे. त्याने हरकतीचा अर्ज दिला आणि घरी आला.

भिंगरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दादा आला, बादलीतला एक शर्ट उचलून पिळायला लागला.

"दादा, ती रेघ माझी आहे."

"नकाशा विभागाचीच असणार. आमच्या आगाराची थोडीच."

"तसं नाही रे. ती कालव्यावरूनच जायला हवी होती. मी रस्त्यावर आणली. तुझ्यासाठी केलं असं कोणी म्हणू नये म्हणून."

दादाच्या हातातला शर्ट पिळलेला तसाच राहिला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी तुझ्याकडे काही मागितलं होतं का?"

"नाही."

"मागितलंच नव्हतं, तर तू नाही कशाला म्हणालीस?"

तिच्या तोंडून तक्रारच बाहेर पडली. "मी तुला थांब म्हणाले होते. तुला एवढंही कळलं नाही?"

"कळलं की," दादा म्हणाला. "तू लहान असल्यापासून तुझं पाठ आहे मला. थांब म्हणालीस तेव्हाच कळलं, रेघ वाकडी गेलीय."

"मग राजीनामा का दिलास?"

"मी सोमवारी देणार हे अख्ख्या आगाराला माहीत होतं. ऐन वेळी मागे फिरलो असतो आणि आठवड्याने हा नकाशा लागला असता, तर लोकांना कळायला किती वेळ लागला असता? माझ्या घरातच नकाशा विभाग राहतो. माझं काय व्हायचं ते होईल, पण तुझी नोकरी गेली असती, भिंगरे."

भिंगरी पाण्याच्या टाकीला टेकली. आठवडाभर ती ज्याच्यावर रागावून बसली होती, त्याने तिच्यासाठी आपली नोकरी उघड्या डोळ्यांनी सोडली होती. आणि तिने त्याच्यासाठी काय केलं होतं, तर स्वतःचं नाव जपलं होतं. तिला रडूही येईना.

"हरकत मी मागे घेतो," दादा म्हणाला. "ती चालली की कारण विचारणार, कारण विचारलं की तू अडकणार. घरात आता एकच पगार आहे."

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. समोर भिंतीवर मोठा नकाशा, आणि हरकत निघाली की काठीने जागा दाखवायचं काम भिंगरीचं. दादाचं नाव पुकारलं. तो उठला आणि म्हणाला, हरकत मागे घेतो. साहेबांनी विचारलं, कारण? दादा म्हणाला, "मला पटली रेघ." त्याला खोटं बोलता येत नाही. साहेबांनी पुढचा कागद घेतला.

"साहेब, ही रेघ चुकली आहे," भिंगरी म्हणाली.

सभागृहात सगळ्यांनी माना वर केल्या. तिची काठी बाजाररस्त्यावर टेकलेली होती. तिने सगळं सांगितलं. नातं लपवलं, कालवा सोडला, पुलांचं कारण बनवलं. दादा मधेच म्हणाला, गप बस गं. ती गप बसली नाही.

सिमेंटवाला उठला. "आता रेघ हलवली तर मी कोर्टात जाईन. बहिणीने सभागृहात गळा काढून भावाला प्रभाग मिळवून दिला, हे आम्ही चालू देणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. "बाई, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर ही रेघ दुसऱ्या कोणी काढली असती आणि ती कालव्यावरून गेली असती. आज मी ती हलवली तर तुमच्या भावासाठी हलवली असं होईल. नाही हलवली, तरी ती तुमच्या भावासाठीच तिथे आहे. मी काय करू सांगा." त्यांनी लिहिलं, रेघ कायम. भिंगरीची बदली पाणीमीटर विभागात झाली, वर चौकशी.

दादा तरीही उभा राहिला. आता मागे फिरून जायचं कुठे? निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. दादा पडला, आणि थोडक्यात पडला. पलीकडच्या बाजूची एक इमारत जरी त्याच्या वाट्याला असती तरी तो आला असता. आगाराने परत घेतलं नाही. आता तो एका कारखान्याची गाडी चालवतो, पगार कमी, तक्रार नाही. थांबा अजून वळणावरच आहे. पण भिंगरीला निकाल तेवढा लागला नाही जेवढी मतदानाची दुपार लागली.

समोर, रस्त्यापलीकडे, एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. जन्मभर शिवणकाम केलेलं, म्हणून शिवणमावशी. दादाच्या शाळेच्या चड्ड्यांपासून ड्रायव्हरच्या गणवेशापर्यंत सगळं त्यांनीच शिवलं. प्रचाराचे कापडी फलकही त्यांनीच कडा दुमडून शिवून दिले, डोळ्यांना दिसत नसताना. माझं मत माझ्या ड्रायव्हरला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. रेघेचं त्यांना कोणीतरी सांगितलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. सांगायला हवं होतं भिंगरीने. पण गावभर फिरणाऱ्या या बाईचे पाय सुनावणीनंतर तो एक रस्ता तेवढा ओलांडायला तयार नव्हते.

मतदान करून मावशी काठी टेकत आल्या, त्या थेट रस्ता ओलांडून भिंगरीच्या पायरीशी. दमल्या होत्या आणि रागावल्या होत्या.

"भिंगरे, कसला गं कारभार हा? मतपत्रिकेवर तुझ्या दादाचं नावच छापलेलं नाही. मी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. तिथल्या पोरीला विचारलं, तर म्हणते आजी, तो तुमच्या प्रभागात नाही. मी म्हटलं, माझ्या खिडकीसमोर राहतो तो, अजून किती प्रभागात पाहिजे?"

"मग काय केलंत मावशी?"

"कोरीच घडी करून टाकली. दुसऱ्या कोणाला कशाला देऊ?"

भिंगरीने त्यांना पायरीवर बसवलं. स्वतः खाली बसली. "मावशी, ती रेघ मी काढली. दादा इकडे राहिला आणि तुम्ही तिकडे गेलात."

"कुठे आहे रेघ?"

"दिसत नाही ती. रस्त्याच्या मधोमध आहे."

मावशींनी रस्त्याकडे बघितलं. एक सायकल गेली, भाजीचा गाडा गेला. "म्हणजे मी आत्ता ओलांडून आले ती?"

"हो."

"मी येऊ शकते आणि माझं मत येऊ शकत नाही?" मग भिंगरीच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस हो. एवढा राबतोय, त्याला वाटू दे मी त्याला दिलं."

तेवढ्यात दादा जिना उतरून आला. उन्हाने रापलेला, आवाज बसलेला. "काय मावशी, झालं का मतदान?"

"झालं की. तुलाच दिलं."

दादाने त्यांच्याकडे बघितलं. प्रचारासाठी पायाखाली घातलेली ती हद्द त्याला दाराच्या उंबऱ्याइतकी माहीत होती. भिंगरीने मान खाली घातली.

"मग काय," दादा म्हणाला, "मी आलोच निवडून." आणि मावशींचा हात धरून त्याने त्यांना रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं.